अपघातांच्या नकाशात आधी फाटा शोधा, मग हॉटस्पॉट

प्रश्न थोडक्यात असा आलाय. अमळनेरकडचे एक विद्यार्थी एमएस्सी भूगोलाच्या प्रबंधासाठी धुळे ते जळगाव पट्ट्यातल्या तीन वर्षांच्या रस्ते अपघातांचा अभ्यास करतायत. एफआयआरवरून एक्सेल शीट बनवली, त्यातली गावाची नावं गुगलला देऊन अक्षांश-रेखांश काढले, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हीटमॅप (ठिपके दाट तिथे रंग लाल) केला, तर जळगाव शहर आणि पारोळा लालभडक. गाइड म्हणतात हॉटस्पॉट अ‍ॅनालिसिस करा. तर कर्नल डेन्सिटी, गेटिस-ऑर्ड, मोरान यातली चांगली पद्धत कोणती?

भाऊ, वाचून हसू आलं, तुमच्यावर नाही, माझ्यावरच. मी पण हे सगळं असंच करून बसलेलो आहे. एका तालुक्याचं काम होतं, मोबाईल अ‍ॅपमधून आलेले पॉइंट होते, म्हणजे जीपीएसचे, म्हणजे शंकाच नको असं मी धरलं. नकाशा रंगवला, सगळ्यात गडद ठिपका गावाच्या मधोमध. मीटिंगमध्ये मी त्या चौकाबद्दल दहा मिनिटं बोललो, अतिक्रमण, पार्किंग, सिग्नल नाही वगैरे, आणि मागे बसलेले एक हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेब, हाई ते आमनं ठेसन शे!" म्हणजे तो ठिपका त्यांच्या पोलीस स्टेशनवरच होता. झालं असं होतं की बरेच फॉर्म जागेवर भरलेच गेले नव्हते, परत येऊन टेबलावर भरलेले, आणि मोबाईलने बिचाऱ्याने स्वतः जिथे होता तिथलं लोकेशन टिपलं. तेव्हापासून मी पद्धत नंतर विचारतो, आधी विचारतो की हा पॉइंट इथे आला कसा.

तर तुमचा खरा प्रश्न पद्धतीचा नाहीये. पारोळा लाल दिसतंय ते पारोळ्यात अपघात जास्त होतात म्हणून, की पारोळा पोलीस स्टेशनच्या हद्दीतल्या कुठल्याही अपघाताच्या रकान्यात "पारोळा" असं लिहिलं गेलंय आणि गुगलने ते सगळे उचलून गावाच्या मध्यबिंदूवर टाकले म्हणून? हे कळेपर्यंत गेटिस-ऑर्ड लावा नाहीतर आणखी काही लावा, उत्तर तेच येणार, पारोळा. एक सोपी तपासणी आत्ताच करा. तुमच्या शीटमध्ये तंतोतंत एकसारखे अक्षांश-रेखांश किती ओळींना आहेत ते मोजा. एकाच बिंदूवर वीस-पंचवीस अपघात एकावर एक बसलेले असतील तर तो हॉटस्पॉट नाही, तो जिओकोडरचा (गावाच्या नावावरून अक्षांश-रेखांश काढणाऱ्या सेवेचा) आळस आहे.

आपल्याकडे एफआयआरमध्ये जागा कशी लिहितात ते तुम्हाला माहीतच आहे. "मौजे अमुक शिवारात, धुळे ते पारोळा रोडवर, अमुक हॉटेलच्या पुढे." आता शिवार म्हणजे दोन-तीन किलोमीटरचा पसारा, आणि गावठाण बऱ्याचदा हायवेपासून आत. जिओकोडर तुम्हाला गावठाणात नेतो, अपघात झालेला असतो फाट्यावर. म्हणून पहिला नियम: नोंदीत "फाटा" शब्द आला की पॉइंट हायवे आणि गावाचा रस्ता मिळतो तिथे हाताने टाकायचा, गावात नाही. नुसतं एवढं केलं तरी अर्धा नकाशा बदलतो. मग नावांची भानगड. पाळधी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर धरणगाव तालुक्यातली हायवेवरची येते, पण जामनेर तालुक्यात पण पाळधी आहे. पिंप्री नावाची गावं मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल, आणि तालुका न देता शोधलं तर गुगल सरळ पुण्याच्या पिंपरीला नेऊन सोडतो. बुद्रुक-खुर्द तर विचारूच नका. तालुका आणि पोलीस स्टेशन हे दोन रकाने नावाला जोडल्याशिवाय एकही गाव शोधू नका.

एफआयआरच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो ज्याकडे कोणी बघत नाही: पोलीस स्टेशनपासून दिशा आणि अंतर. "पूर्वेस ८ किमी" असं काहीतरी. हे सोनं आहे. पोलीस स्टेशनपासून रस्त्याने ८ किलोमीटर पूर्वेला जायचं, आणि जो फाटा, हॉटेल, पंप सांगितलाय तो तिथे आसपास सापडतोय का ते सॅटेलाइट इमेजवर बघायचं. अंतर अंदाजे लिहिलेलं असतं हे मान्य, पण दोन पिंप्रींमधली कोणती हे त्यावरून सुटतं. त्याहून चांगला कागद म्हणजे घटनास्थळ पंचनामा. त्यात चतुःसीमा असते, पूर्वेस कोणाचं शेत, पश्चिमेस डांबरी रोड, कितव्या किलोमीटरच्या दगडापासून किती पावलं, कधीकधी हाताने काढलेला कच्चा नकाशा. सगळ्या केसचे पंचनामे मिळणार नाहीत, पण मृत्यूच्या केसचे तरी कॉलेजचं पत्र देऊन बघायला मागा. मिळतं की नाही हे समोरच्या साहेबांवर आणि तुमच्या चिकाटीवर आहे, मी खात्री देत नाही.

किलोमीटरच्या दगडाबद्दल एक सावधानता. आपला धुळे-जळगाव रस्ता पूर्वी एनएच ६ होता, आता एनएच ५३. त्यात फागणे ते तरसोद आणि तरसोद ते चिखली चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललं, काही ठिकाणी रस्ता सरळ झाला, काही ठिकाणी गावाबाहेरून गेला. जुन्या पिवळ्या-पांढऱ्या दगडावरचा आकडा आणि नव्या बोर्डावरचा आकडा एकच आहे असं धरू नका. पंचनामा लिहिणाऱ्याने कुठला वाचला ते कळायला मार्ग नसतो, म्हणून तो आकडा शेजारच्या खुणेशी ताडून बघायचा.

हे करताना प्रत्येक ओळीला दर्जा द्या. मी अ, ब, क असा देतो. अ म्हणजे जागा पन्नासेक मीटरमध्ये पक्की, फाटा, पूल, पंप, असं काही ठोस. ब म्हणजे साधारण पाव किलोमीटर इकडे-तिकडे. क म्हणजे नुसतं शिवार. क वाल्या नोंदी फेकायच्या नाहीत, त्या अमुक रस्त्यावर एकूण किती यासाठी मोजायच्या, पण हॉटस्पॉटच्या गणितात त्यांना घ्यायचं नाही. प्रबंधात किती टक्के अ, किती ब, किती क हे स्पष्ट लिहा. लोक हे लपवतात, मला वाटतं हेच सगळ्यात प्रामाणिक पान असतं. अ‍ॅपमधून आलेला डेटा असेल, म्हणजे सरकारच्या अपघात-नोंदणीचा, आधी आयरॅड आणि आता ईडार म्हणतात तो, तरी हीच चाळणी लावा, आणि दशांशानंतर किती अंक आहेत ते बघा. तीन अंकच असतील तर शंभरेक मीटरचा घोळ तिथेच आहे, चार असतील तर दहा-अकरा मीटर, ते चालतं.

आता नकाशाकडे. तुमच्या हीटमॅपमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, एरंडोलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूची शेतं पण लाल झालीयत. शेतात ट्रक उलटतो हे खरं, पण रस्त्यावरून जाऊनच उलटतो ना. साधा हीटमॅप जमीन चारी बाजूंनी सारखी मोकळी आहे असं धरतो, म्हणजे ठिपक्याभोवती गोल काढून रंग पसरवतो. महामारीच्या रुग्णांना ते ठीक असेल, अपघाताला नाही, कारण गाडी रेषेवर चालते. गिरणेच्या एका काठावरचा रस्ता आणि दुसऱ्या काठावरचा रस्ता नकाशात जवळ दिसतात, पण मध्ये पूल नसला तर गाडीसाठी ते कोसभर लांब आहेत. जळगावात रेल्वे रुळांच्या अलीकडे-पलीकडे तेच, उड्डाणपुलावर आणि पुलाखाली तेच. हीटमॅप या सगळ्यांचा एकच काला करतो.

म्हणून सगळे पॉइंट आधी रस्त्याच्या रेषेवर आणा. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते घ्या, क्यूजीआयएसच्या क्विकओएसएम प्लगइनने येतात, हायवेची रेषा एकसंध करा, तुकडे तुटलेले असतात ते जोडा, चौपदरीला जाणारी-येणारी अशा दोन रेषा असतील तर अभ्यासापुरती एकच ठेवा पण बाजू वेगळ्या रकान्यात लिहा. मग प्रत्येक अपघाताला रेषेच्या सुरुवातीपासूनचं अंतर द्या. एकदा हे अंतर मिळालं की तुमचा अर्धा अभ्यास नकाशाशिवाय, साध्या एक्सेलच्या आलेखावर पण दिसतो, आडव्या अक्षावर फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधी, बांभोरी, जळगाव आणि उभ्या अक्षावर अपघात. मला अधिकाऱ्यांना दाखवायला हाच आलेख आवडतो, रंगीत नकाशा बघून सगळे "वा वा" म्हणतात, आलेख बघून प्रश्न विचारतात.

एक छोटी तांत्रिक गोष्ट, पण यात बरेच अडकतात. तुमची लेयर अंशांमध्ये आहे, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४. त्यात हीटमॅपची त्रिज्या ०.००५ दिली तर ती मीटर नाही, अंश आहे. आपल्या २१ अक्षांशाजवळ उत्तर-दक्षिण एक अंश साधारण १११ किमी, पूर्व-पश्चिम साधारण १०४ किमी. फरक सातेक टक्क्यांचाच, जग बुडत नाही, पण मीटरमध्ये काम करा ना. त्यासाठी मीटरमधली यूटीएम प्रणाली घ्या, झोन ४३ उत्तर, क्यूजीआयएसमध्ये तिचा कोड ईपीएसजी ३२६४३. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्यातच बसतात, झोन बदलायची कटकट नाही.

आता सरकारी व्याख्या. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅकस्पॉट. तुमच्याकडे तीनच वर्षं आहेत तेव्हा ही मोजणी तुम्हाला जमते आणि करायलाच हवी, कारण तुमचा अभ्यास कोणी वापरला तर जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत हीच भाषा चालते. फक्त ५०० मीटरचे ठरलेले तुकडे पाडू नका. एखादा पूल बरोबर दोन तुकड्यांच्या सीमेवर आला, तीन अपघात इकडे गेले तीन तिकडे, तर सहा अपघातांची जागा यादीतून गायब. ५०० मीटरची खिडकी घ्या आणि १००-१०० मीटरने पुढे सरकवत न्या, ज्या ज्या ठिकाणी आकडा ५ ला पोचला ते एकत्र जोडा. आर (आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा) येत असेल तर वीस ओळींचं काम, नसेल येत तर एक्सेलमध्ये काउंटइफ्सने पण होतं, मी सुरुवातीला तसंच करायचो.

आणि इथे नशीब नावाची गोष्ट येते. समजा १०० किलोमीटरचा रस्ता, ५०० मीटरचे २०० तुकडे, तीन वर्षांत एकूण ३०० गंभीर अपघात, म्हणजे तुकड्यामागे सरासरी दीड. समजा सगळा रस्ता एकसारखा आहे, कुठेच काही दोष नाही, अपघात आपले कुठेही पडतायत. तरी पॉइसॉनच्या (नुसत्या योगायोगाने किती पडतील त्याच्या) गणिताने एखाद्या तुकड्यात ५ किंवा जास्त येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या जवळ येते, म्हणजे २०० पैकी तीन-चार तुकडे फुकटात ब्लॅकस्पॉट. सरकती खिडकी घेतली की हे आणखी वाढतं. तेव्हा तुमच्या यादीत दहा जागा आल्या तर त्यातल्या तीन-चार नुसत्या योगायोगाच्या असू शकतात, आणि कोणत्या ते आकडा सांगत नाही, ते जागेवर जाऊन कळतं. यातूनच पुढचा गोंधळ होतो, यादीतल्या जागेवर गतिरोधक टाकतात, पुढच्या वर्षी अपघात कमी, सगळे खूश. ते न टाकता पण कमी झाले असते कारण मागचं वर्षच वाईट होतं. यावर एम्पिरिकल बेज म्हणून उपाय आहे, घाबरू नका, तत्त्व साधं आहे: जागेचा स्वतःचा आकडा आणि तशाच इतर जागांची सरासरी यांचं मिश्रण करायचं. तशाच तुकड्यांची सरासरी २, या तुकड्यात ७ झाले, सरासरीला वजन ०.४ दिलं तर अंदाज येतो ५. वजन किती द्यायचं हे अपघातांच्या विखुरणीवर ठरतं, ते मॉडेलमधून काढावं लागतं, एमएस्सीला एवढं नाही जमलं तरी चालेल पण "रिग्रेशन टू द मीन" (वाईट वर्षानंतर आकडा आपोआप सरासरीकडे येणं) हा शब्द तोंडी परीक्षेत विचारला तर गडबडू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, पद्धत कोणती. माझं मत सांगतो, दुसरे वेगळं सांगतील. मोरान आय ही १९५० ची चीज आहे, ती सगळ्या प्रदेशाला मिळून एक आकडा देते की सारखे सारख्याजवळ आहेत का. अपघात गुच्छ करून होतात हे सिद्ध करायला ठीक, पण कुठे होतात ते ती सांगत नाही. तालुकानिहाय तर करूच नका, तिन्ही जिल्हे मिळून २५ तालुके, त्यात शिरपूर लाल येणार कारण त्यातून मुंबई-आग्रा रोड जातो, शिरपूरची माणसं गाडी वाईट चालवतात म्हणून नाही. गेटिस-ऑर्ड जी-स्टार १९९२ ची, ती कुठे ते सांगते, पण तिला प्रत्येक जागेला एक किंमत लागते. कच्चे पॉइंट दिले, प्रत्येकाची किंमत १, तर तुलना कशाची करणार, सॉफ्टवेअर तिथेच एरर देतं. आधी तुकड्यांत मोजणी, मग शेजार ठरवायचा, आणि तो हवाई अंतराने नाही तर रस्त्याच्या अंतराने. नेटवर्क कर्नल डेन्सिटी मला रस्त्यासाठी सगळ्यात जवळची वाटते, ती रंग रेषेवरच पसरवते, आरमध्ये एसपीनेटवर्क पॅकेजने होते, हायवेला बँडविड्थ, म्हणजे रंग किती लांब पसरवायचा ते अंतर, २५० ते ५०० मीटर घेऊन दोन-तीन वेळा करून बघा. पण तिला सिग्निफिकन्स नसतो, म्हणजे लाल दिसणं आणि खरंच जास्त असणं यातला फरक ती सांगत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर सरकती खिडकी मुख्य ठेवली असती, नेटवर्क कर्नल नकाशा दाखवायला, आणि जी-स्टार ताडून बघायला. तिन्हींत जी जागा येते ती पक्की. मग ब दर्जाचे सगळे पॉइंट रस्त्यावर दोनशे-अडीचशे मीटर इकडे-तिकडे उगाच हलवून पुन्हा मोजा, असं शंभरदा. ज्या जागा टिकल्या त्या लिहा. गाइडना हे आवडेल, माझ्या अनुभवात असं कोणी करत नाही.

छेदाचा, म्हणजे अपघातांना कशाने भागायचं याचा, विषय राहिला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि डेटा सगळ्यात कमी ज्याचा मिळतो. जळगाव शहर लाल का, तर तिथे गाड्याच जास्त. समजा एका तुकड्यातून दिवसाला २०,००० वाहनं जातात, तीन वर्षांत ६ अपघात. दुसऱ्यातून ५,००० आणि ४ अपघात. आकड्याने पहिला वाईट. पण ५०० मीटर गुणिले वाहनं गुणिले १,०९५ दिवस केलं तर पहिल्यात दर कोटी वाहन-किलोमीटरला साडेपाच अपघात, दुसऱ्यात साडेचौदा. पैसा कुठे घालायचा विचाराल तर पहिला, रस्त्याची रचना कुठे चुकलीय विचाराल तर दुसरा. दोन्ही याद्या द्या. वाहतूक गणना बांधकाम खात्याकडे असते, टोलनाक्याचे आकडे पण मागून बघा, काहीच नाही मिळालं तर स्वतः तीन ठिकाणी उभं राहून मोजा, मित्रांना चहा पाजून. आणि हे पण लिहा की वाहनं दुप्पट झाली की अपघात दुप्पट होतातच असं नाही, दर हा ढोबळ आहे.

मृत्यूंना वजन किती द्यायचं? इथे मी फार सांभाळून असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, वर बसलेले १५ मजूर गेले. आपल्या सगळ्यांना ती रात्र आठवते. १० मृत्यूंची ती वरची व्याख्या महामार्गांची आहे, पण इथे तशीच लावली तर त्या एका अपघाताने ती जागा ब्लॅकस्पॉट ठरते, आणि जिथे पाच वेगवेगळ्या दिवशी पाच मोटरसायकलवाले गेले ती जागा तिच्या खाली जाते. किनगावच्या घटनेतला मोठा प्रश्न मालाच्या गाडीवर माणसं का बसतात हा आहे, तो त्या वळणाच्या नकाशात सापडत नाही. म्हणून मी माणसं नाही, अपघात मोजतो, मृत्यूचा अपघात जास्त वजनाचा, बस.

आणि ठिपका पडतो तिथेच कारण असतं असंही नाही. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात मुंबई-आग्रा रोडवर पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर पुढच्या गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला, दहावर माणसं गेली. नकाशात ठिपका पळासनेर स्टॉपवर. पण कंटेनर येत होता मध्य प्रदेशकडून, बिजासन घाट उतरून. अशा वेळी ठिपक्याभोवती ५०० मीटर बघून काय सापडणार, रस्त्याने उताराच्या वरच्या टोकापर्यंत मागे जायला लागतं. तुमच्या पट्ट्यात घाट नाही पण मोठ्या पुलांचे उतार आहेत, बांभोरीजवळ गिरणेवर बघा. पुढे कन्नड घाट किंवा कोंडाईबारीवर काम केलंत तर हे लक्षात ठेवाच.

वेळेचा रकाना वापरा, तो फुकट पडून असतो. तास, महिना, दिशा. धुळे-जळगाव रस्ता ढोबळमानाने पश्चिम-पूर्व आहे, म्हणजे सकाळी जळगावकडे येणाऱ्याच्या आणि संध्याकाळी धुळ्याकडे जाणाऱ्याच्या थेट डोळ्यात ऊन. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तर सूर्य बरोबर रस्त्याच्या टोकाशी बुडतो. मी दोन-तीन तुकड्यांवर हे बघितलंय, संध्याकाळच्या मागून धडकण्याच्या केस एका बाजूला झुकलेल्या दिसल्या, पण संख्या लहान होती म्हणून सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे बाजूचा रकाना असेल तर तुम्ही बघा, मुंबई-आग्रा रोड उत्तर-दक्षिण जातो तेव्हा तुलनेला आयता आहे. बाकी आपल्याकडचं कॅलेंडर तुम्हाला मी काय सांगू, चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणारे मालेगाव रोडने रात्री चालतात, मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा, कापसाच्या सीझनला रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, रावेर-सावद्याकडून रात्री निघणाऱ्या केळीच्या गाड्या, मे महिन्यात दुपारी फुटणारी टायरं. वर्षाची सरासरी काढली की हे सगळं सपाट होतं.

कलमांचा एक सापळा आहे त्यात पडू नका. तुमची तीन वर्षं १ जुलै २०२४ ओलांडत असतील तर आधीच्या नोंदी भादंवि २७९, ३३७, ३३८, ३०४(अ) खाली आणि नंतरच्या न्याय संहितेच्या २८१, १२५, १०६(१) खाली. एक विद्यार्थिनी फक्त ३०४(अ) ने फिल्टर लावून "जुलैनंतर मृत्यू एकदम थांबले" असा निष्कर्ष घेऊन आली होती. तसंच जखमी म्हणून नोंद झालेला माणूस आठ दिवसांनी नाशिकला दवाखान्यात वारला तर कलम नंतर वाढवतात, तुमच्या शीटमध्ये तो अजून जखमीच असतो. ३० दिवसांच्या आतला मृत्यू अपघाती मृत्यूत धरतात, तेव्हा गंभीर जखमींच्या केस पुन्हा एकदा विचारून घ्या.

आणि जे नोंदलंच जात नाही त्याचं काय. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे शंभर अपघातांमागे छत्तीस मृत्यू. प्रत्यक्षात रस्त्यावर आपण बघतो तसं प्रमाण असतं का? नाही, किरकोळ धडका रजिस्टरपर्यंत पोचतच नाहीत, जागेवर मिटवतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर भरलेली जीप कलंडली तरी पुष्कळदा कागद होत नाही. त्यामुळे नकाशा पांढरा दिसला म्हणजे तिथे अपघात नाहीत असं लिहू नका, नोंद नाही असं लिहा. १०८ अ‍ॅम्ब्युलन्सच्या कॉलची माहिती मिळाली तर ताडून बघा.

शेवटचं आणि न टाळण्यासारखं, वरच्या पाच-सहा जागांवर स्वतः जा, आणि अपघात ज्या वेळेला झालेत त्या वेळेला जा. सकाळी अकराला जाऊन संध्याकाळी सातचा अपघात कळत नाही. मी एकदा एका सरळसोट, रुंद, स्वच्छ तुकड्यावर तीन वेळा गेलो, काहीच चूक दिसेना. चौथ्यांदा अंधार पडल्यावर गेलो तर ढाब्याचे दिवे लागलेले, ट्रक अर्धे रस्त्यावर उभे, आणि पलीकडून येणाऱ्यांनी दुभाजक फोडून केलेली वाट, मोटरसायकली त्यातून आडव्या निघतायत. ढाब्यावरच्या पोऱ्याला विचारलं इथे अपघात होतात का, तर म्हणे "तठे त नेहमीच व्हस भाऊ," आणि बोट दाखवलं माझ्या पॉइंटपासून दीडशे मीटर पुढे. ब दर्जाची नोंद होती ती. जाताना मोबाईलवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसला जोडणारं अ‍ॅप) टाकून घ्या, फोटो जागेवरच पॉइंटला जोडले जातात. रात्री एकटे जाऊ नका, रिफ्लेक्टरचं जॅकेट घाला, गाडी रस्त्यापासून खाली उतरवून लावा.

तुमची शीट मला पाठवायची असेल तर नावं, गाडी नंबर, मोबाईल नंबर सगळे रकाने उडवून पाठवा, प्रबंधात पण ते छापू नका. फागणे ते एरंडोलपर्यंतचे फाटे मला तोंडपाठ आहेत, तेवढे मी तपासून देईन. एरंडोलच्या पुढचे मात्र तुमचे तुम्ही, नाहीतर जळगावातला कोणीतरी पकडा.